इंजिनाची लाखोली

मोटारीच्या इंजिनाला आधी ओल्या फडक्याने पुसायचं, मग हळदकुंकू लावायचं आणि मगच त्याला हँडल मारायचं, असा नियम अख्ख्या रत्नागिरीत फक्त आमच्या घरी होता. तो सासूबाईंनी घातलेला. ह्यांना तो मुळीच पटत नव्हता. पण ज्या बाईच्या कानांवर आपलं सगळं अवलंबून आहे तिच्याशी वाद घालायचा नसतो, एवढी अक्कल त्यांना होती. बाकी अकलेचं पुढे सांगेनच.

ही तीस सालानंतरची गोष्ट. आमचे हे आधी आगबोटीवर होते. कप्तानबिप्तान नव्हे हो, खाली इंजिनघरात, तेलाचं डबडं हातात घेऊन. लग्नानंतरची चार वर्षं मी नवरा पाहिला तो पावसाळ्यापुरता. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणजे हे घरी. नारळी पौर्णिमा झाली की ह्यांची ट्रंक माळ्यावरून खाली. दर्यावर निघालेल्यांच्या बायका त्या दिवशी समुद्राला नारळ देतात आणि माणूस सुखरूप परत आण म्हणतात. मी नारळ देताना म्हणायची, एखाद्या वर्षी बोटच सुटू नको दे. देवाने ऐकलंन्, पण देवाचं ऐकणं असं आडवळणाचं असतं. इंजिनघरातल्या धडधडीने ह्यांचे कान बसले. जवळ जाऊन ओरडलं तर ऐकू येई, नाही तर नाही. वरून साहेबाने दिलेला हुकूम खाली पोचेना, तेव्हा ह्यांना बोटीवरून उतरवलं. लोक हळहळले. मीही चारचौघांत हळहळले आणि आत जाऊन देवापुढे साखर ठेवली. आता खोटं कशाला बोलू?

इथल्या एका शेटची मोटार सर्व्हिस होती. हातखंबा, पाली करत घाटाने वर कोल्हापूरला गाड्या जायच्या. त्याने ह्यांना फिटर म्हणून ठेवलंन्. दोन वर्षं सुखाची गेली. सकाळी पेज खाऊन जायचे, संध्याकाळी काळे होऊन यायचे. नवरा रोज घरी येतो ही गोष्ट माझ्या शेजारणींना साधी वाटायची. मला नाही वाटायची.

पण पायावर पाय ठेवून बसेल तो हा माणूस नव्हे. पेट्रोल लांबून यायचं, कधी वेळेवर यायचं, कधी नाही. पावसाळ्यात तर नावच नको. घासलेट मात्र प्रत्येक वाण्याकडे. तेव्हा ह्यांच्या डोक्यात आलं, की मोटार घासलेटवर का चालू नये? चालायची, पण नीट नाही. त्याचं कारण ह्यांनी मला रोज जेवताना सांगितलं, म्हणून मला पाठ आहे. मोटारीच्या इंजिनात तेलाची वाफ पेटते आणि धमाका होतो. असे धमाके एकामागून एक होतात, त्या जोरावर गाडी पळते. पेट्रोलचे धमाके सगळे एकसारखे होतात. घासलेटचं तसं नाही. एक धमाका दणदणीत, दुसराही दणदणीत, तिसरा नुसता फुस्स. ह्यांचं म्हणणं असं, की दोष घासलेटचा नाही, ज्या पोकळीत ते जळतं तिच्या आकाराचा आहे. आकार बदलला की प्रत्येक धमाका आधीच्याच्या तोडीचा होईल.

आणि तो आकार त्यांना कुठे सापडला म्हणाल? माझ्या स्वयंपाकघरात. मी विळीवर नारळ खवत होते. हे समोर बसून टक लावून बघत होते. मला वाटलं माझ्याकडे बघतायत. लाजून मी पदर सारखा केला, तर ह्यांनी माझ्या हातातली करवंटी ओढून घेतलीनी, अर्धा नारळ तसाच तिला चिकटलेला, आणि बोट आतून फिरवत म्हणाले, "हे बघ. असं हवं." त्या दिवशी आमटीत नारळ कमी पडला. सासूबाईंनी मला विचारलंनी, मी त्यांच्या मुलाकडे बोट दाखवलं.

मग सुताराकडून लाकडाचा साचा झाला, त्यावरून ओतीव लोखंडाचं झाकण झालं, आत करवंटीसारखं गोल. शेटने मोडीत काढलेल्या एका गाडीचं इंजिन ह्यांनी मागून आणलं. इंजिनाला चार नळकांडी. त्यातली तीन बंद ठेवली, एकावर हे नवं झाकण बसवलं आणि बाहेरून एक अजस्र चाक जोडलं, म्हणजे इंजिन सावकाश चालेल आणि धमाका न धमाका वेगळा ऐकू येईल. मागच्या अंगणात गवताची खोप होती, तिथे चिऱ्यांच्या चौथऱ्यावर हे सगळं मांडलं. पहिल्या दिवशी सुरू केलं तेव्हा गाय दावं तोडून फणसापर्यंत पळाली. धूर शेजारच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गेला. शेजारीण कुंपणापाशी येऊन जे काही बोलली त्यातलं ह्यांना एक अक्षर ऐकू आलं नाही. हसून मान हलवत राहिले. ती बिचारी दमून घरी गेली.

इथवर सगळी गंमतच होती. पण त्या पावसाळ्याच्या तोंडाला शेटने दोन गाड्या काढून टाकल्या आणि माणसं कमी करायची म्हणाला. ह्यांना त्याने स्पष्ट सांगितलंन्, "तुझं झाकण खरं असेल तर माझ्या सगळ्या गाड्यांना बसवू आणि ते काम इथेच तुझ्या हाती देईन. नसेल तर दिवाळीपर्यंत दुसरीकडे बघ." दुसरीकडे म्हणजे मुंबई. माझे थोरले दीर तिथे गोदीत होते. त्यांचं पत्र आलंच, की कारखान्यात जागा आहे, बोट सुरू झाली की निघ, बिऱ्हाड करायला जागा नाही, एकट्यानेच ये.

एकट्यानेच ये. मी ते पत्र डब्यात ठेवलं आणि परत काढून वाचलं. मला हे जायला नको होते. बास. घराण्याचं भलं, पुढची सोय, हे सगळं मला कळत होतं, आणि तरी नको होते. चार वर्षं वाट बघून झाली होती, आता पुन्हा नाही.

तेव्हा ठरलं, झाकणाची परीक्षा घ्यायची. शेट म्हणाला, "धमाके मोज. शंभरात-हजारात एखादा फुकट गेला तर चालेल, जास्त नको." पण मोजणार कोण? ह्यांचे कान हे असे. शिवाय ह्यांना सुई फिरव, पाणी घाल, तेल सोड अशी शंभर कामं. आधी मला बसवलं. समोर चिंचोक्यांचं सूप, गुंजांची परडी आणि एक रिकामी वाटी. शंभर धमाके झाले की एक चिंचोका बाजूला. धमाका फुसका निघाला की वाटीत एक गुंज. अर्ध्या तासात मी सव्वाशे गुंजा टाकल्या. हे बघायला आले, वाटीत बोट घातलंनी आणि माझ्याकडे असं बघितलंनी की जणू मीच ते धमाके फुंकर मारून विझवले.

"तुझं लक्ष नाही," म्हणाले.

"माझं लक्ष आहे. तुमच्या इंजिनाला खोकला झालाय."

"भात चुलीवर ठेवून बसलीस ना? अर्धं लक्ष भाताकडे."

भात चुलीवर होता हे खरं. करपलाही होता. तेवढ्या एका पुराव्यावर माझी नेमणूक रद्द झाली.

मग पुढे झाल्या सासूबाई. त्यांच्याएवढी मोजणारी बाई मी नंतर जन्मात पाहिली नाही. दर चातुर्मासात त्यांची लाखोली असे. एका वर्षी तुळशीची पानं, एका वर्षी दूर्वा, एकदा तर लाख तांदूळ, एकेक निवडून. उजव्या हाताची पेरं अंगठ्याने मोजत जायच्या आणि तोंडाने आमच्याशी भांडत असायच्या, तरी आकडा हलत नसे. ह्यांनी भीत भीत विचारलंनी, "आई, दहा हजार मोजशील काय?"

"दहा हजार म्हणजे काय मोजणं झालं?" सासूबाई म्हणाल्या. "मोजायचं तर लाख मोजीन. नाही तर दुसरी बघ."

दुसरी करपलेला भात खरवडत होती. तेव्हा लाखच ठरले.

श्रावणात सुरुवात झाली. अमावास्या टळू दिली. सासूबाई आंघोळ करून, केस झटकून, पाट घेऊन खोपीत यायच्या. इंजिन पुसलंय की नाही ते बघायच्या. हळदकुंकू वाहायच्या. मग हे हँडल मारायचे, आणि दोन-दोन तास ठप्प, ठप्प, ठप्प. मिनिटाला शंभराच्या आतबाहेर पडायचे. बाहेर पाऊस, आत घासलेटचा धूर, आणि त्यात पाटावर ताठ बसलेली ही बाई, डोळे मिटलेले, अंगठा पेरांवर. एकादशीला विचारलं, आज उपास, राहू दे काय? म्हणाल्या, "इंजिनाला उपास नाही ना? मग मला कसला?" शेजारीण पुन्हा कुंपणापाशी आली होती, ती हे बघून हात जोडून परत गेली. म्हाताऱ्या बाईचं काही व्रत चाललंय म्हटल्यावर धुराबद्दल कोण बोलणार?

नवव्या दिवशी शेवटचा चिंचोका पडला. हजार चिंचोके, म्हणजे लाख. वाटीत गुंजा किती? तीन.

ह्यांनी वाटी उलटी करून बघितलंनी. सूप झटकून बघितलंनी. तीनच. "ह्या तीन कशाच्या?" आईच्या कानाशी ओरडून विचारलंनी. बहिऱ्या माणसाला वाटतं सगळं जग बहिरं.

"तीनदा अगदी बंदच पडत होतं. गचका खाल्लंन् आणि परत सुरू झालंन्," सासूबाई म्हणाल्या.

मग काय विचारता! हा माणूस अंगणात चिखलात नाचला. मला म्हणाला, "बघितलंस? मोजायला मन एकाग्र लागतं." आणि तसाच भिजत शेटकडे गेला. मी नेहमीसारखं काहीतरी खोचक बोलणार होते, पण जाऊ दे म्हटलं. हे राहणार होते. मी दिरांना उत्तर लिहायला बसले, की ह्यांचं इथेच जमलं आहे, आपण काळजी करू नये.

पत्र अजून टाकायचं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई माजघरात तुळशीची पानं मोजत होत्या. इंजिनापायी त्यांची स्वतःची लाखोली मागे पडली होती. मी शेजारी बसून पानं खुडून देत होते. चांगलं पान उजवीकडे ताम्हनात पडे. किडकं किंवा फाटकं आलं की अंगठ्याने टिचकी मारून डावीकडे उडवत. तशी टिचकी मारून अंगठा पुन्हा होता त्याच पेरावर जाई. मी बघतच राहिले. ही टिचकी मी पाहिली होती. खोपीत, इंजिनासमोर, पुन्हा पुन्हा. मला वाटलं होतं, माश्या उडवतायत.

"सासूबाई," मी म्हटलं, "हे टाकलेलं पान तुम्ही मोजत नाही?"

"किडकं कसं मोजीन? देवाला लाख वाहायची ती लाख चांगली. टाकलेलं लाखात धरलं तर लाखोली खंडित होते. एवढंही शिकवलं नाही काय तुझ्या आईने?"

"आणि इंजिनाचे?"

"ते काय वेगळे? फुसका आला की सोडून दिला, पुढचा घेतला. लाख चांगले मोजलेत हो मी. एक कमी नाही."

ह्यांनी लाख धमाक्यांत वाईट किती ते विचारलं होतं. सासूबाईंनी चांगले लाख निवडून दिले होते. देवाला दिले असते तर पुण्य लागलं असतं. मोटारीला काय लागणार ते मला दिसत होतं.

आता मी शहाणी असते तर त्याच संध्याकाळी सांगितलं असतं. नाही सांगितलं. दोन दिवस गप्प बसले. मनात म्हटलं, कोण मोजतंय पुन्हा? गाडी चालेल कशीतरी. इतक्या गाड्या खोकत-कण्हत घाट चढतातच की. मनाला काय, हवं ते पटवता येतं. हे घरात शीळ घालत फिरत होते, बेसूर, कारण स्वतःची शीळ स्वतःलाच ऐकू येत नव्हती. शेटने एक गाडी दिली होती, तिच्या चारही नळकांड्यांना नवी झाकणं बसणार होती, आणि पहिली फेरी थेट कोल्हापूरची ठरली होती.

तिसऱ्या दिवशी शेजारीण आली, धुरावरून भांडणारी. तिचं पाच महिन्यांचं पोर कडेवर. म्हणाली, "तुमच्या ह्यांच्या गाडीतली जागा धरलीय हो. सगळी म्हणतात नवीन इंजिन आहे, झटक्यात पोचवील. पोराला आजोळी दाखवायचंय." आणि मला म्हणते कशी, "तेव्हा बोलले ते मनावर घेऊ नका."

मला ह्यांनीच सांगितलेलं आठवलं. घाटाच्या चढावर इंजिनाने दम सोडला की गाडी मागे येते, क्लीनर उडी टाकून चाकाखाली धोंडा सारतो, आणि धोंडा बसला तर बसला. पोर माझ्याकडे बघून हसत होतं. मेल्याला तेव्हाच हसायचं होतं.

सांगायचं तर खरं, पण कसं? बहिऱ्या नवऱ्याला गुपित सांगून बघा एकदा. कुजबुजलं तर ऐकू जात नाही, आणि ऐकू जाईल असं बोललं तर आळीला ऐकू जातं. सासूबाईंच्या कानावर जाऊ नये अशी माझी धडपड. म्हातारीने नऊ दिवस धूर खाऊन मोजलं होतं, तिला कोणत्या तोंडाने सांगू, की तुमचं मोजणंच नडलं? शेवटी मी ह्यांना खोपीत नेलं आणि म्हटलं, इंजिन सुरू करा. केलंनी. त्या दणदणाटात त्यांच्या कानाला तोंड लावून मी सगळं ओरडून सांगितलं. टिचकी, किडकं पान, चांगले लाख, सगळं.

आधी हसले. मग हसता हसता थांबले. मग लांबलचक पाना घेतलानी, एक टोक इंजिनाला टेकवलंनी आणि दुसरं दातांत धरलंनी. कान गेले तरी धमाका दातांत कळतो म्हणे. मला खुणेने सांगितलंनी, मोज. मी धमाके मोजत गेले, आणि फुसका आला की ते बोट वर करत. पहिल्या हजारात बेचाळीस. दुसऱ्या हजारात त्रेचाळीस. तिसरा हजार त्यांनी मोजू दिला नाही. इंजिन बंद केलंनी आणि चौथऱ्यावर बसले. पाना अजून हातातच.

"तू अर्ध्या तासात सव्वाशे टाकल्या होत्यास," म्हणाले.

"हो."

"बरोबर होत्या."

"हो."

एरवी मी हे निदान वर्षभर पुरवून वापरलं असतं. तेव्हा नुसती त्यांच्या शेजारी बसले.

संध्याकाळी हे शेटकडे गेले. मला वाटलं, आईचं नाव सांगतील. तर म्हणाले, मोजणी माझी चुकली, कान गेलेत माझे, झाकण अजून कच्चं आहे, माणसं बसवू नका. शेट म्हणाला, "माणूस पक्का आहेस, झाकण कच्चं आहे. उलटं असतं तर ठेवून घेतला असता." घरी येऊन हे मला सांगताना ह्यांना हसू येत होतं, आणि मला त्या शेटला चिमटे काढावेसे वाटत होते. आईला एवढंच सांगितलंनी, की शेटचा विचार फिरला. सासूबाईंनी ऐकून घेतलंनी आणि शेटच्या सात पिढ्या काढल्या. त्या दिवसापासून त्या शेटच्या गाडीत पाय ठेवला नाही. पालीला लग्नाला गेल्या त्या बैलगाडीने.

मी दिरांना लिहिलेलं पत्र चुलीत घातलं आणि दुसरं लिहिलं.

बोटी सुरू झाल्या. ट्रंक माळ्यावरून खाली आली. ह्यांनी ते झाकण गोणपाटात गुंडाळून ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध ठेवलंनी. मी म्हटलं, धोतराला गंज लागेल. म्हणाले, काय? मी म्हटलं, काही नाही. बंदरावर सासूबाई आणि मी दोघी गेलो. आगबोट बाहेर खोल पाण्यात उभी होती. मचव्यात चढताना ह्यांनी मागे वळून काहीतरी विचारलंनी. वाऱ्यात आम्हाला ऐकू आलं नाही, आणि आमचं त्यांना कधीच ऐकू यायचं नाही. आम्ही नुसत्या माना हलवल्या. मचवा बोटीला लागेपर्यंत उभ्या होतो. मी रडले. लपवलं नाही, लपवायचं कशाला?

परत येताना चढणीवर सासूबाईंना दम लागला. रस्त्याकडेच्या एका दगडी गडग्यावर टेकल्या. मीही टेकले. त्या समुद्राकडे बघत होत्या.

"चार हजार दोनशे अकरा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"फुसके. लाख चांगले होईपर्यंत एवढे आले. त्याला पत्रात कळव. पुढे मागे परत करायला घेईल तर उपयोगी पडेल."

हजाराला बेचाळीस-त्रेचाळीस. मनात मांडून बघितलं. जुळत होतं.

"म्हणजे तुम्ही तेही मोजले होतेत?"

"न मोजता टाकायला मला येत नाही."

"मग तेव्हा त्यांना का नाही सांगितलंत?"

सासूबाईंनी पदराने तोंड पुसलंनी. "सांगितलं असतं तर तो इथे राह्यला असता काय गो?"

नऊ दिवस ही बाई डोळे मिटून माझ्याच मनातलं करत होती, आणि ते मोडलं ते मी. मी म्हटलं, "सासूबाई, ह्यांना ते मी..."

"ठाऊक आहे. इंजिनाच्या वर तुझा आवाज. बहिरा तो आहे, मी नाही." गडग्याला हात टेकून त्या उठल्या, आणि चालता चालता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "बरं केलंस हो. माझ्याच्याने झालं नसतं."